भावासमोर तुलनेला बसवायचा ‘निरोगी’ माणूस ठरवतात कसा?

इचलकरंजीची_ताई

मंडळी, आरोग्य विभागात टाकतेय. जागा चुकली असेल तर संपादकांनी धागा हलवावा.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुरू झाला, शिक्षण तिथेच थांबलं. आता पस्तिशीत आहे. क्लोझापिनवर बरीच वर्षं स्थिर आहे. दर महिन्याला सीबीसी करायची, पांढऱ्या पेशी ठीक असल्या की पुढच्या गोळ्या. दळण, बाजार, लाइटबिल, आईची औषधं सगळं तोच बघतो. बोलतो कमी, पण बोलला की नेमकं बोलतो. हा धागा काढायचं कारणही तेच.

गेल्या खेपेला ओपीडीत नंबराची वाट बघत बसलो होतो. तिथे एक संशोधन करणारी मुलगी आली. स्वभावाने चांगली, पण घाईत. स्किझोफ्रेनिया असलेले लोक आणि निरोगी लोक यांची स्मरणशक्ती, रक्तातले काही घटक आणि मेंदूचा एमआरआय यांची तुलना करायची आहे म्हणाली. भावाने माहितीपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि विचारलं, “माझ्यासमोर कोण बसणार?”

“नॉर्मल व्यक्ती.”

“कुठून आणणार?”

हा प्रश्न तिला आधी कुणी विचारला नसावा. मी मधे पडून म्हटलं, मी बसते की! तर सख्खी बहीण चालत नाही म्हणे, घरात आजार असलेलं कुणीच चालत नाही. आम्हाला गाडीतून घेऊन आलेला शेजारचा मुलगा बाजूलाच उभा होता. एम.टेक., पुण्यात कंपनीत, रोज पहाटे पळायला जाणारा. त्याला बघून मुलीचा चेहरा उजळला. भावाच्याच वयाचा आहे ना, झालं तर.

येताना गाडीत भाऊ म्हणाला, “ह्याच्यासमोर मला बसवलं तर निकाल मी आत्ताच सांगतो. पण त्यात आजाराचं किती, गोळ्यांचं किती आणि इतकी वर्षं घरात बसल्याचं किती, ते वेगळं कसं काढणार?”

मला उत्तर देता आलं नाही. अभ्यास करणारी माणसं एवढी शिकलेली असतात, त्यांनी याचा विचार केलाच असेल ना? केला असेल तर नेमका काय करतात? आणि बहीण का नको? भाऊ नाही म्हणालेला नाही, “कळलं तर बसेन” म्हणतोय. इथे कुणी अशा अभ्यासात काम केलं असेल किंवा भाग घेतला असेल तर सांगा. ‘डॉक्टरांना विचारा’ हे उत्तर नको. ओपीडीत आमच्या वाट्याला किती वेळ येतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

---

फाइलवाली

ताई, तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा. थिसिसच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक विचारतात तोच प्रश्न त्याने ओपीडीच्या बाकावर विचारला.

मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात मी अशाच एका प्रकल्पावर सहायक होते. निरोगी गट भरायचं काम माझ्याकडे होतं. लोकांना वाटतं रुग्ण मिळणं अवघड असेल. खरं तर रुग्ण ओपीडीत समोरच बसलेले असतात, निरोगी माणूस शोधताना जीव जातो. आम्हाला हवा असायचा पस्तिशीचा, दहावी-बारावी झालेला पुरुष, ज्याला कुठलाही मानसिक आजार कधी झालेला नाही. असा माणूस मंगळवारी सकाळी अकराला कुठे असतो? कामावर असतो. प्रवासखर्चाच्या पैशांसाठी तो खाडा करून येत नाही. मग येतं कोण, तर एमबीबीएसची पोरं, नर्सिंगच्या मुली, कँटीनचा पोऱ्या, लॅबमधले क्लार्क आणि हाडांच्या वॉर्डात कुणाच्या तरी उशाशी बसून कंटाळलेले नातेवाईक. यातली अर्धी मंडळी जन्मभर परीक्षाच देत आलेली. त्यांच्यापुढे पंधरा शब्दांची यादी वाचली की डोळे मिटून धडाधड परत म्हणतात.

आता तुमच्या भावाच्या प्रश्नातला ‘किती वर्षं घरात बसलो’ हा भाग घेते, कारण तो सगळ्यात चिवट आहे. साधा उपाय असा वाटतो की दोन्ही गटांचं शिक्षण सारखं ठेवा. पण त्याचं शिक्षण आजारानेच तोडलं. डिप्लोमा अर्धा सोडलेला निरोगी माणूस शोधला, तर त्याने तो का सोडला? पैसे नव्हते, अभ्यास झेपला नाही, बाप गेला. म्हणजे कागदावर शिक्षण जुळलं, पण माणसं जुळली नाहीत. आणि उलट जुळवायचं म्हणून पदवीधर रुग्णच घेतले, तर आजार कमी बाधलेले तेवढेच हाती येतात. पॉल मील नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० मध्येच हा पेच मांडून ठेवलाय. म्हणून जरा बऱ्या अभ्यासांत रुग्णाचं शिक्षण न जुळवता आईवडिलांचं जुळवतात. मुलाला आजार झाला नसता तर तो साधारण कुठवर पोचला असता, याचा तो त्यातल्या त्यात बरा अंदाज. वडील काय करायचे तुमचे? तुमच्या घरासारखंच घर असलेला माणूस समोर हवा. शेजारचा मुलगा नुसत्या वयामुळे चालत नाही.

गोळ्यांचं म्हणाल तर क्लोझापिनने झोप येते आणि तोंड कोरडं करणाऱ्या औषधांसारखा तिचा थोडा परिणाम स्मरणावरही होतो. याहून जास्त त्रास देते ती ट्रायहेक्सिफेनिडिल. आमच्याकडे सगळे तिला टीएचपीच म्हणायचे. हातपाय थरथरू नयेत म्हणून रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल या स्किझोफ्रेनियाच्या औषधांसोबत सर्रास देतात. ती नवं लक्षात ठेवण्याची ताकद कमी करते, धडधाकट माणसाचीसुद्धा. रुग्णगटात कितीजण टीएचपीवर होते हे न लिहिता ‘स्किझोफ्रेनियात स्मृती कमी’ असा निष्कर्ष काढलेला लेख दिसला की मी पुढे वाचत नाही.

आणि एक गोष्ट कुठल्याच तक्त्यात येत नाही. आमचे रुग्ण पहाटेची एसटी धरून यायचे, केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे, उपाशीपोटी रक्त द्यायचे आणि साडेबाराला आमच्यासमोर. निरोगी गटातली नर्सिंगची मुलगी लेक्चर संपवून, चहा पिऊन यायची. चाचणी तीच, खोली तीच, पंखासुद्धा तोच. मी सरांकडे हट्ट धरून रुग्णांना आधी पोहे आणि चहा सुरू केला. सर म्हणाले, हे प्रोटोकॉलमध्ये नाही. मी म्हटलं, मग घाला.

तंबाखूचंही तसंच. फॉर्मवर रकाना ‘धूम्रपान: हो / नाही’. नाहीवर खूण. आणि खिशात चुन्याची डबी. निकोटिनने लक्ष काही काळ सुधारतं आणि तलफ अडली की बिघडतं. दोन तास थुंकायला उठता न आलेला माणूस चाचणीत काय करेल ते सांगायला नको. शिवाय विडी-सिगारेटच्या धुरातले पदार्थ यकृताला क्लोझापिन लवकर निकाली काढायला लावतात, चघळण्याच्या तंबाखूत तो प्रकार नाही. म्हणजे नुसत्या ‘हो-नाही’ने कुणाचंच भागत नाही.

बहीण का नको, ते उद्या लिहिते. लेक उठली.

---

सडेतोड_सातारकर

कशाला त्या भानगडीत पडताय? सगळं औषध कंपन्यांसाठी असतं. गिनिपिग करतात गरिबांना. सही करू नका.

---

इचलकरंजीची_ताई

@सडेतोड_सातारकर, यात नवं औषध द्यायचं नाहीये, चाचण्या, रक्त आणि एमआरआय एवढंच आहे. भावाने पत्रक वाचलंय, तुम्ही धागा तरी वाचा.

@फाइलवाली, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, आई सातवी. म्हणजे आमच्यासारखा ‘निरोगी’ हवा असेल तर गावातल्या निम्म्या गुरुजींची मुलं रांगेत उभी करता येतील. पोह्यांचं वाचून भाऊ म्हणाला, “ही बाई असेल तर मी जातो.”

---

निवृत्त_रसायनवाला

ताई, मी वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवत असे. रक्ताच्या भागाबद्दल लिहितो. मानसोपचार हा माझा प्रांत नव्हे, चूभूद्याघ्या.

तुमच्या बंधूंनी जी शंका काढली, तिच्यापायी या विषयाचं एक दशक पाण्यात गेलेलं आहे. १९५७ साली स्वीडनच्या आकरफेल्ड यांची एक चाचणी गाजली. रुग्णाच्या सीरममध्ये एक रसायन घालायचं. निरोगी माणसापेक्षा ते झपाट्याने रंग धरतं. वर्तमानपत्रांतून स्किझोफ्रेनियाची रक्तचाचणी सापडल्याच्या बातम्या. पुढे कळलं की व्हिटॅमिन सी ही क्रिया रोखतं. वर्षानुवर्षं मनोरुग्णालयात राहणाऱ्यांच्या जेवणात सी कुठून असणार? रक्तात सी कमी, म्हणून रंग लवकर. मोजत होते ते भटारखान्यातलं जेवण, आणि नाव आजाराचं!

त्याच सुमारास लघवीत काही फेनॉलिक आम्लं रुग्णांत जास्त दिसली. कागदावर क्रोमॅटोग्राफी करून, म्हणजे लघवीतली रसायनं कागदावर वेगवेगळी पसरवून, ठिपके मोजायचे दिवस ते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या लोकांनी खोदून पाहिलं तर ती आम्लं कॉफीची निघाली. वॉर्डातले लोक कॉफी जास्त पीत होते. सिमोर केटी यांनी १९५९ मध्ये ‘सायन्स’मध्ये या सगळ्या जैवरासायनिक दाव्यांची जी उलटतपासणी केली, ती मी विद्यार्थ्यांना दरवर्षी वाचायला लावत असे. आजारावर काम करणारे नसलेत तरी वाचावी.

आणि निरोगी कोण होते म्हणता? १९५४ पासून त्या अमेरिकी संस्थेच्या रुग्णालयात मेनोनाइट आणि ब्रदरेन या ख्रिस्ती पंथांचे तरुण निरोगी स्वयंसेवक म्हणून राहायला येत. धर्मश्रद्धेमुळे बंदूक धरायला नकार देणारी, साध्या राहणीत वाढलेली पोरं. एकीकडे ती आणि दुसरीकडे वर्षानुवर्षं कोंडलेले रुग्ण. फरक सापडला नसता तरच नवल. त्या रुग्णालयाची जमेची बाजू एवढी की तिथे दोन्ही गटांना एकाच छपराखाली ठेवून एकच आहार देता येत होता, आणि तसं केल्यावर बरेच फरक गळून पडले.

एवढं होऊनही १९६२ मध्ये न्यूयॉर्कला फ्रीडहॉफ आणि व्हॅन विंकल यांना १९ पैकी १५ रुग्णांच्या लघवीत गुलाबी ठिपका सापडला, १४ निरोगींपैकी एकातही नाही. पुन्हा गाजावाजा, पुन्हा वर्षानुवर्षं आहार आणि औषधं यांचा निचरा करण्यात गेलेली मेहनत. तो ठिपका काही आजाराची खूण ठरला नाही.

आता आपल्याकडचं. पुण्यात औषध सुरू न झालेल्या रुग्णांची निरोगींशी तुलना झाली आहे. त्यात बी-१२ आणि फोलिक ॲसिड कमी, आणि ही दोन्ही कमी पडली की रक्तात साचणारं होमोसिस्टीन जास्त आढळलं. औषध सुरू नसल्यामुळे गोळ्यांचा घोळ त्यात नाही, हे मोलाचं. पण त्याच पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली दाखवलं होतं की मध्यमवयीन धडधाकट पुरुषांतच जवळपास दोनतृतीयांश जणांचं बी-१२ कमी असतं, आणि शाकाहाऱ्यांत त्याची शक्यता कितीतरी जास्त. म्हणजे आपल्या भागात बी-१२ची तुलना करायची तर दोन्ही गटांत शाकाहारी किती, दूध-अंडी कोण किती खातं, आजार बळावल्यावर रुग्णाने जेवण टाकलं होतं का, हे सगळं वहीत हवं. त्या मुलीला एवढंच विचारा: “खाण्यापिण्याची प्रश्नावली आहे का?” असेल तर तिचे गाइड जागे आहेत.

---

नाव_नको_१

ताई, मी स्वतः त्या गटातला. आजार जुना, आता नोकरी करतो, ऑफिसात कुणाला माहीत नाही, म्हणून हा आयडी.

दोनदा भाग घेतलाय. त्रासदायक काही नव्हतं. एमआरआयचा आवाज मोठा असतो, कानात बोळे देतात. हातात दाबायला एक फुगा असतो, नको वाटलं तर दाबायचा. हे आधी सांगून ठेवा, कारण आपल्यासारख्याला बंद नळकांड्यात ठोकाठोकी ऐकताना भलतंसलतं वाटू शकतं.

मुलाखत लांबलचक असते. त्यात म्हणींचे अर्थ विचारतात. मला ‘नाचता येईना अंगण वाकडं’ आली. मी म्हटलं, “म्हणजे तुमची चाचणी.” डॉक्टर हसले, मग लगेच गंभीर झाले आणि काहीतरी लिहिलं. विचारशक्ती उत्तम लिहिली की विचारशक्ती ढासळलेली, देव जाणे.

दुसऱ्या अभ्यासात मण्यांचा खेळ होता. दोन बरण्या, एकीत ८५ लाल १५ निळे, दुसरीत उलट. एकेक मणी दाखवतात, कुठल्या बरणीतून काढतोय ते खात्री वाटेल तेव्हा सांगायचं. मी दुसऱ्या मण्यालाच सांगून टाकलं. नंतर वाचलं की आमच्यातले बरेचजण फार लवकर निष्कर्षावर उडी मारतात, असा त्यावरून निष्कर्ष काढतात. असेल. भ्रम असताना मी माझ्या बायकोबद्दल एका मिस्ड कॉलवरून जे काय ठरवलं होतं ते आठवलं तर मला ते पटतंही. पण त्या दिवशी मला दोन वाजताची लोकल पकडायची होती, हेही खरं आहे. ते कुणी विचारलं नाही.

निकाल पाठवतो म्हणाले होते. पाठवला नाही. तुमच्या भावाने सही करताना ते लिहूनच घ्यावं.

---

इचलकरंजीची_ताई

नाव_नको दादा, मोकळेपणाने लिहिलंत, मनापासून आभार. तुमची म्हण मी भावाला वाचून दाखवली. तो खूप दिवसांनी खळखळून हसला.

आता त्याचा पुढचा प्रश्न. (मी नुसती टायपिस्ट आहे.) तो म्हणतो, समजा सगळं नीट जुळवलं, पोहे दिले, तंबाखू विचारली, आणि तरी आमच्या गटाचा आकडा कमी आला. तर मग माझं काय? माझा मेंदू लहान आहे असं धरायचं का? आमच्या पाहुण्यांतल्या एका शहाण्याने कुठेतरी वाचून हेच सुनावलं होतं, जेवणाच्या पंगतीत. त्याला ते लागून राहिलंय.

---

फाइलवाली

त्या पाहुण्यांना माझ्याकडे पाठवा.

आकडे सांगते. २०१६ मध्ये ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय गटाने जगभरचे एमआरआय एकत्र केले. २,०२८ रुग्ण आणि २,५४० निरोगी. हिप्पोकॅम्पस म्हणजे स्मरणाशी संबंधित भाग, त्यात सगळ्यात ठळक फरक निघाला. तो किती? प्रमाणित एककात ०.४६. एवढा फरक असला की दोन गटांचे आलेख एकमेकांवर ठेवल्यावर सुमारे ८२ टक्के भाग एकावर एक बसतो. शाळेत ‘अ’ तुकडीची सरासरी ‘ब’पेक्षा थोडी वर असते, पण एक पेपर हातात देऊन ‘हा ब तुकडीतला’ असं कुठला मास्तर सांगेल? तसंच. कितीतरी रुग्णांचा हिप्पोकॅम्पस त्या पाहुण्यांच्यापेक्षा मोठा असणार. म्हणूनच एमआरआय बघून स्किझोफ्रेनियाचं निदान करत नाहीत. ओपीडीत स्कॅन सांगतात तो गाठ, मार असं दुसरं काही नाही ना हे पाहायला.

स्मरणाच्या चाचण्यांत फरक याहून बराच मोठा येतो, हे लपवत नाही. पण तिथेही तुमच्या भावाची जागा त्याच्या स्वतःच्या आकड्यावर ठरते, गटाच्या नाही. आणि तो आकडासुद्धा कुणाशी ताडायचा, हे आहेच. बंगळुरूच्या निम्हान्सने २००४ मध्ये चाचण्यांचा संच काढला, त्यात वय, लिंग आणि शिक्षणाप्रमाणे वेगवेगळे निकष आहेत, निरक्षरांसाठीसुद्धा. तोच वापरताय का, हे विचारा.

गोळ्या आणि आजार वेगळे काढायचे मार्ग आहेत, पण एकही पुरा नाही. एक मार्ग म्हणजे प्राणी. माकडांना दीड-दोन वर्षं माणसाच्या प्रमाणात हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापिन दिलं, तर मेंदूचं वजन ८ ते ११ टक्के कमी भरलं (२००५). त्या माकडांना काही भास होत नव्हते! (ताई, हे वाचून भावाने गोळ्या बंद करू नयेत. क्लोझापिन तोडल्यावर काय होतं ते मी वॉर्डात पाहिलंय. त्याची स्थिर वर्षं हीही मोजदादच आहे.) दुसरा मार्ग म्हणजे कधीच औषध न मिळालेले रुग्ण. आपल्या देशात ते दुर्दैवाने भरपूर. चेन्नईच्या स्कार्फ संस्थेने परदेशी सहकाऱ्यांसोबत १९९६ मध्ये दाखवलं की तोंडाच्या, हातांच्या ज्या नकळत हालचालींचं खापर आपण सरसकट गोळ्यांवर फोडतो, त्या औषधाचा कणही पोटात न गेलेल्या कितीतरी रुग्णांतही असतात. म्हणजे दोन्ही बाजूंनी घाईने बोलायची सोय नाही.

आता बहीण का नको. जनुकांचा आणि घराचा वाटा दोघांत सामाईक असतो, त्यामुळे काही चाचण्यांत भावंडं रुग्ण आणि परके यांच्या मधेच कुठेतरी पडतात. तुम्हाला निरोगी गटात घातलं तर फरक उगाच आकसेल. पण मला विचाराल तर तुम्हाला हाकलणं हा आळस आहे. भावंडांचा तिसरा गट करणारे अभ्यास असतात आणि ते जास्त शिकवतात. टोकाचं उदाहरण म्हणजे जुळी. १९९० मध्ये अमेरिकेत १५ एकसारख्या जुळ्या जोड्या घेतल्या, प्रत्येकीत एकाला आजार, दुसऱ्याला नाही. जनुकं तीच, आईबाप तेच, जेवणखाण बहुतेक तेच. कुठलं जुळं कोण हे न सांगता स्कॅन दाखवले, तर मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या बघून १२ जोड्यांत आजारी जुळं बरोबर ओळखता आलं. परक्या माणसाशी तुलना केली असती तर ‘सामान्य’ म्हणून सोडून दिले असते असे स्कॅनही त्यात होते. समोर कोण बसवता यावर सगळं आहे, हे तुमच्या भावाने बाकावरच ओळखलं.

आणखी एक खोड. निरोगी गटाला आम्ही चाळणीतून गाळायचो: कधी नैराश्य नको, दारू नको, घराण्यात काही नको, झोपेची गोळीही नको. रुग्णाला मात्र हे सगळं असलं तरी चालायचं. एकीकडे हजारात एक असा निर्मळ माणूस आणि दुसरीकडे साधा माणूस अधिक आजार. कोलंबिया विद्यापीठाच्या श्वार्ट्झ आणि सुसर यांनी २०११ मध्ये या सवयीला चांगलंच झोडपलं. चाळणी लावायची तर दोन्हीकडे सारखी लावा. जनुकांच्या मोठ्या अभ्यासांत तर बऱ्याचदा निरोगींना गाळतच नाहीत. आजार शंभरात एखाद्याला, लाखभर लोकांत थोडे मिसळले तरी बिघडत नाही.

आणि हे भावाला नक्की वाचून दाखवा. तो म्हणतो ना निकाल आधीच माहीत आहे? २००५ मध्ये लंडनला एक दृष्टिभ्रमाची चाचणी झाली. मधे फिकट ठिपक्याठिपक्यांची चकती, भोवती गडद नक्षी. भोवतालच्या नक्षीमुळे मधली चकती आहे त्याहून फिकी वाटते. सगळेच फसतात. जुना स्किझोफ्रेनिया असलेले १५ जण बसवले, त्यातल्या १२ जणांनी निरोगी गटातल्या सगळ्यात अचूक माणसापेक्षा अचूक उत्तरं दिली. त्यांचा मेंदू भोवतालाचा हिशेब कमी धरतो, म्हणून फसत नाही. मला असे प्रयोग फार आवडतात. झोप आली होती, मन नव्हतं, गोळी जड होती, असल्या कारणांनी माणूस वाईट करेल, सगळ्यांपेक्षा चांगलं कसा करेल? तिथे सापडलेला फरक थेट आजाराच्या कामकाजातलाच असण्याची शक्यता जास्त.

शेवटी कागदोपत्री. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ९९व्या कलमाप्रमाणे संशोधनासाठी रुग्णाची स्वतःची, समजून दिलेली संमती लागते. तो सज्ञान आहे, समजतंय, तर सही त्याची, तुमची नव्हे. मधेच उठून जायचा हक्क आहे आणि नाही म्हटल्याने उपचारात फरक पडता कामा नये. निकालाबद्दल नाव_नको म्हणतात ते खरं आहे. एकेकाचा निकाल बहुतेक अभ्यासांत देतच नाहीत, पण एमआरआयमध्ये काही वावगं दिसलं तर कळवणार का, हे मात्र आधी विचारून ठेवा.

---

इचलकरंजीची_ताई

काल गेलो होतो. भावाने प्रश्न वहीत लिहून नेले होते. मुलगी आधी दचकली, मग बसली आणि अर्धा तास बोलली. आईवडिलांचं शिक्षण लिहितात. टीएचपी आणि बाकी गोळ्यांचा डोस लिहितात. तंबाखूला एकच रकाना होता. भावाने सांगितल्यावर तिने त्याच्यासमोर पेनने बाजूला ‘चघळण्याची’ असं वाढवलं आणि गाइडना विचारते म्हणाली. खाण्याची प्रश्नावली नाही. काका, तुमचं नाव न घेता तुमचा कॉफीचा किस्सा भावाने तिला ऐकवला. तिने लिहून घेतला.

शेजारच्या मुलाला घेणार नाहीत. भाऊ सकाळऐवजी दुपारी तीनला, जेवून बसणार आहे. लंडनची चकती यांच्याकडे नाही, याचं त्याला वाईट वाटलं.

@निवृत्त_रसायनवाला काका, एक विचारायचं राहिलं. अभ्यासात त्याचा स्वतःचा आकडा सांगणार नाहीत. बी-१२ आम्ही आमचं वेगळं करून घेऊ म्हणतो. महिन्याच्या सीबीसीसोबत त्याच सुईत होतं का? सुयांना तो कंटाळलाय.

---

निवृत्त_रसायनवाला

होतं की. एकदाच टोचून दोन नळ्या भरतात. सीबीसीला जांभळ्या बुचाची, बी-१२ला सीरमची वेगळी. रक्त घेण्याआधी सांगा, नंतर सांगितलं तर पुन्हा टोचतील. बी-१२ची गोळी किंवा इंजेक्शन सध्या सुरू असेल तर लॅबला आणि डॉक्टरांना कळवा, नाहीतर आकडा फुगलेला येतो.